नेपल्सच्या बेताचा हिवाळा

श्रूजबरीत फेब्रुवारी आला की माणसं बर्फाबद्दल बोलायचं सोडून देतात आणि तिकिटांबद्दल बोलायला लागतात. डिसेंबरात बर्फाचं कौतुक असतं, जानेवारीत कुरकुर, आणि फेब्रुवारीत ड्राइव्हवेच्या दोन्ही अंगांना कमरेएवढे मळकट ढीग साठले की ज्याला त्याला कुठला तरी समुद्र आठवतो. योगाच्या क्लासमधल्या बायका सांगतात, आम्ही मेक्सिकोला, आम्ही पोर्तुगालला. देवळात चपला काढायच्या खोलीत, बुटांच्या नाड्या सोडता सोडता लोक एकमेकांना विमानाच्या वेळा सांगतात. मी ऐकते, "अरे वा" म्हणते आणि आत जाऊन बसते. गेल्या वर्षी आमचाही एक समुद्र होता.

डायनिंग टेबलावर मी अजून एका कोपऱ्यातच जेवते. सवय तशी लागली. गेल्या हिवाळ्यात बाकीचं सगळं टेबल इटलीनं व्यापलेलं होतं. अविनाश, माझा नवरा, सिव्हिल इंजिनिअर. पस्तीस वर्षं त्यानं या राज्यातले पूल तपासले आणि रिटायर झाल्यावर घरातल्या माणसांना तपासायला सुरुवात केली. (सासूबाई भारतातून यायच्या तेव्हा मी त्याला "अहो" म्हणायची. त्यांना विमानात बसवून गाडी परत वळली की पुन्हा अविनाश.) फोनवर नकाशा बघणं त्याला मंजूर नव्हतं. नकाशा टेबलावर पसरता आला पाहिजे, त्यावर कोपर टेकता आलं पाहिजे. मग प्रिंटरची घरघर, चिकटपट्टीनं जोडलेले कागद, तीन रंगांचे हायलायटर. पिवळा रेल्वेचा, हिरवा बसचा, निळा बोटींचा. जमिनीतल्या झडपेतून हीटिंगची गरम हवा आली की नेपल्सचं आखात एका बाजूनं उचललं जायचं, म्हणून मी त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायची. व्हेसुव्हिअसच्या ज्वालामुखीवर कैरीची बरणी होती. "अख्ख्या इटलीला हिंगाचा वास लावशील तू," तो म्हणायचा.

बेत मुग्धानं काढला. मुग्धा आमची एकुलती मुलगी, जन्म इथलाच, आता टेक्ससमध्ये अर्विंगला असते. जावई रोहित नागपूरचा, आणि नात रिया बारा वर्षांची. मे महिन्यात आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होणार होती. "पार्टी नको यार आई," ती म्हणाली, "हॉलमध्ये तेच पनीर आणि तेच लोक. लेट्स गो समव्हेअर. बाबा, तू ठरव." बाबानं विचार करायलाही वेळ घेतला नाही. "नेपल्स," तो म्हणाला. "आणि तिथून मिनोरी."

मिनोरी म्हणजे मिसेस फेरारांचं गाव. या देशात आलो तेव्हा इथून जवळच वुस्टरला एका लाकडी तीन मजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. खाली घरमालकीण राहायची, तीच मिसेस फेरारा. डोंगरावर लिंबाच्या बागा आणि खाली समुद्र अशा गावातून ती विशीत इथे आली होती. आम्ही मांस खात नाही हे ऐकून तिला आमची इतकी दया आली की दर शुक्रवारी वांग्याचे थर लावून भाजलेली एक खोलगट बशी जिन्यात ठेवलेली असायची. बशी रिकामी परत करायची नाही म्हणून मी त्यात शंकरपाळे घालून द्यायची. तिला ते बिस्किटांचेच भाऊबंद वाटले. आमच्याकडची लिंबं नारळाएवढी असतात, असं ती हातानं दाखवायची आणि अविनाश मराठीत मला म्हणायचा, "कोकणातला माणूस आणि ही, दोघांना एकाच पंक्तीला बसवलं पाहिजे." ती स्वतः पुन्हा कधी गेली नाही. आधी मुलं लहान, मग नवरा आजारी, मग तिचे गुडघे. "तुम्ही तरी जाऊन या," म्हणायची. आम्ही "हो हो" म्हणायचो आणि सुट्टी आली की भारताची तिकिटं काढायचो. आमच्या पिढीतल्या सगळ्यांच्या सुट्ट्या अशाच गेल्या. कोणाचं लग्न, कोणाची मुंज, कोणाचं ऑपरेशन. जगाच्या नकाशात आम्हांला दोनच ठिपके माहीत होते.

म्हणून तो जानेवारी मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. बाहेर पहाटेपासून बर्फ हटवणाऱ्या गाड्यांचा खरखराट, आत हा स्वेटरवर स्वेटर घालून बोटींच्या वेळा मोठ्यानं वाचतोय. मुग्धानं व्हॉट्सअपवर ग्रुप काढला होता, 'नेपल्स मे'. त्यावर रोहित पिझ्झ्याचे फोटो टाकायचा, रिया पॉम्पेईच्या जुन्या अवशेषांतल्या कुत्र्याच्या चित्राचे. मी थालीपीठाची भाजणी, मेतकूट, चटण्या अशी यादी टाकली तर रियानं लिहिलं, "आजी, इटली हॅज फूड." तीन हसरे चेहरे. अविनाशनं त्याखाली लिहिलं, "हे तुझ्या आजीला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगू शकलेलं नाही." मला राग आला होता खरं तर. आता तो ग्रुप उघडून मी तेवढंच वाचते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पोटदुखीचं नाव कळलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तो लिव्हरपर्यंत गेलेला. मी जन्मभर हॉस्पिटलच्या फार्मसीत काम केलं. डॉक्टरीणबाई सावकाश, हळुवार शब्द निवडत होत्या आणि मला त्यांच्या आधी वाक्य कुठे जाणार ते कळत होतं. अविनाशनं एकच प्रश्न विचारला, मे महिन्यात विमानात बसता येईल का. त्या म्हणाल्या, सौम्य औषधं देऊन मेपर्यंत तुम्हांला हिंडतं फिरतं ठेवता येईल असं वाटतं. जायचं असेल तर तेव्हाच जा. त्यानंतरचं मी काही कबूल करू शकत नाही. मग त्यांनी विचारलं, मुलांना सांगितलंत का. आम्ही दोघांनीही एकदम मान हलवली, आणि ती "हो" अशी दिसेल अशी हलवली.

पार्किंगमध्ये गाडीची काच खरवडताना तो म्हणाला, "मुग्धाला आत्ता नको."

इथे मला माझ्या माहेरचं सांगायला हवं. मी आमच्या मिरजेच्या घरातली पहिली परदेशी आलेली मुलगी. इथल्या फार्मसीच्या लायसन्सची माझी परीक्षा होती तेव्हा वडिलांना, आमच्या दादांना, पक्षाघात झाला. घरून पत्र आलं की सगळे मजेत आहेत, आंबे यंदा उशिरा आलेत. नंतर फोन आला, तेव्हा भाऊ म्हणाला, दादा जरा बाहेर गेलेत. परीक्षा झाली, मी पास झाले, पेढे म्हणून इथे दुधाच्या पावडरीचं काहीतरी करून वाटलं, आणि मग कळवलं गेलं. तेरावं उरकलं होतं. मी भावाशी दोन वर्षं बोलले नाही. तो बिचारा म्हणत राहिला, "अगं, तू तिथून काय करणार होतीस? उगीच जीव टांगणीला." आमच्या ओळखीत एकही घर असं नाही जिथे हे झालेलं नाही. लांबच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, हा आमच्याकडे माया करायचा रिवाजच आहे. भारतातून येणाऱ्या प्रत्येक "सगळं ठीक"मागे आम्ही काही ना काही हुडकत राहायचो. त्या वेळी मी रडत रडत अविनाशला म्हटलं होतं की आपल्या मुलांना आपण हे कधीही करायचं नाही. त्यानं वचन दिलं होतं.

पार्किंगमध्ये मी त्याला त्या वचनाची आठवण करून दिली. तो म्हणाला, "लपवायचं नाहीये गं. ट्रिपमध्ये सांगू. शेवटच्या दिवशी, मिनोरीला. आत्ता सांगितलं तर ती ट्रिप राहणार नाही. सगळे माझ्याकडे बघत बसतील, समुद्राकडे कोण बघणार?"

हे मला पटलं. सगळा दोष त्याच्यावर टाकायला आता तो नाही, आणि असता तरी टाकता आला नसता. मलाही ते हवं होतं. रविवारी सकाळी फोनवर मुग्धाचं हसणं ऐकू येतंय आणि त्या हसण्याला काही झालेलं नाही, असे आणखी थोडे रविवार मला हवे होते.

मग आम्ही ताकास तूर लागू दिला नाही. इथल्या मराठी मंडळात एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत अर्विंगला पोचतं, म्हणून गुढीपाडव्याच्या कार्यक्रमालाही गेलो नाही, थंडी बाधलीय म्हणून कळवलं. व्हिडिओ कॉलला मी त्याला खिडकीकडे पाठ करून बसवायची. मागून उजेड आला की चेहरा काळपट दिसतो, गालांची हाडं कळत नाहीत. "बाबा, तू बारीक झालास," मुग्धा म्हणाली, तर हा म्हणतो, "पॉम्पेईच्या तयारीला लागलोय. साखर बंद, भात बंद." त्यानं इतकं छान सांगितलं की रोहितनंही भात सोडला.

टेबलावरचा बेत मात्र रोज लहान होत होता. आधी व्हेसुव्हिअस गेला, तिथे शेवटचा चढ पायी आहे म्हणून. मग पॉम्पेई अर्ध्या दिवसाचं झालं. मग किनाऱ्यावरच्या वळणावळणाच्या रस्त्याची बस गेली आणि तिच्या जागी बोट आली. त्या किनाऱ्यावरची गावं उभ्या डोंगरावर वसलेली, सगळीकडे पायऱ्या. अविनाश हॉटेलांना ईमेल करून विचारायचा, दारापासून खोलीपर्यंत नेमक्या किती पायऱ्या. कोणी वीस म्हणायचं, कोणी "थोड्याच" म्हणायचं. "थोड्याच म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही," तो म्हणायचा आणि त्या नावावर काट मारायचा. शेवटी मिनोरीला किनाऱ्यालगत तळमजल्यावरची खोली मिळाली. दारातून निघून समुद्रापुढच्या बाकापर्यंत सपाट. त्या बाकाला त्यानं निळ्या हायलायटरनं गोल केला. बाक, समुद्र आणि आम्ही पाच जणं, एवढाच बेत उरला होता, आणि तो मे महिन्यात सहज झाला असता.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मुग्धाचा फोन आला. तेल गरम करून मी पोह्यांना मोहरी घालत होते. फोन स्पीकरवर होता.

"गाईज, गुड न्यूज आणि बॅड न्यूज," ती म्हणाली. "रियाची रोबॉटिक्सची टीम फायनलला गेली! बट इट्स द सेम वीक. आपल्या ट्रिपच्याच वीकमध्ये. ती रडतेय, म्हणतेय मी आजोबांना कसं सांगू. सो मी काय म्हणते, ऑक्टोबरमध्ये तिला फॉल ब्रेक आहे. गर्दी कमी, ऊनही कमी. मी सगळं बघितलंय, कॅन्सल करता येतंय. तुम्हांला चालेल ना? खरं सांगा हं. नसेल चालत तर वी विल फिगर इट आउट."

खरं सांगा, ती म्हणाली होती. तिनं अगदी तसंच विचारलं होतं. मोहरी तडतडायची थांबून करपायला लागली होती. मी अविनाशकडे बघितलं. तो टेबलावरच्या कागदांकडे बघत होता. मला वाटलं तो सांगेल, त्याला वाटलं असेल मी सांगेन. मी गॅस बंद केला.

"ऑक्टोबर? मस्तच की," तो म्हणाला. "अगं, फायनल म्हणजे काय थोडं आहे? रियाला दे फोन." आणि रियाला त्यानं विचारलं, रोबॉटचं नाव काय ठेवलंय, त्याला पाय आहेत की चाकं. ती नाक ओढत ओढत सांगत होती. फोन ठेवल्यावर दहाएक मिनिटांनी माझ्या मोबाइलवर टिंग वाजलं. मुग्धानं ग्रुपचं नाव बदलून 'नेपल्स ऑक्टोबर' केलं होतं.

करपलेली फोडणी फेकून मी पुन्हा तेल ठेवलं. पोह्यांची बशी पुढे ठेवता ठेवता त्याला म्हटलं, "सांगायला हवं होतं." तो म्हणाला, "बारा वर्षांच्या पोरीला जन्मभर वाटत राहिलं असतं की फायनल आजोबांमुळे हुकली. किंवा आजोबांची ट्रिप आपल्यामुळे हुकली. दोन्हींतलं कुठलं तिच्या पदरात टाकू?" मी म्हटलं, "आणि मुग्धाच्या?" त्यानं नवीन कागद घेतला आणि ऑक्टोबरातल्या बोटींच्या वेळा उतरवायला बसला. ऑक्टोबरात बोटी कमी असतात, सूर्य लवकर मावळतो, ते सगळं त्यानं व्यवस्थित लिहिलं. मला इतका राग आला की मी तशीच बाहेर जाऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ उकरत बसले. तो बर्फ दोन दिवसांत आपोआप वितळणार होता.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. मे महिन्यात रियाची टीम तिसरी आली. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघांनी मऊ भात आणि मेतकूट खाल्लं, आणि मागच्या अंगणात खुर्च्या टाकून तासभर बसलो. त्या दिवशी तो चांगला होता, बोलत होता. विमानात बसू शकला असता. हे मी त्या तासभरात कितीदा मनात म्हटलं असेल. जूनमध्ये त्याला ऍडमिट करावं लागलं तेव्हा मुग्धाला बोलावलं आणि सांगितलं की आत्ताच कळलंय. ती सप्टेंबरअखेरपर्यंत इथेच राहिली. ऑगस्टमध्ये तो गेला. लोक भेटायला येत आणि म्हणत, किती झटपट झालं सगळं, नाही? मुग्धा म्हणायची, "हो ना, जूनमध्ये कळलं आणि..." मी चहाचे कप उचलून आत जायची.

गेल्या रविवारी तिचा फोन आला होता. बाहेर पुन्हा तसेच मळकट ढीग. ती म्हणाली, "आई, या मेमध्ये जाऊ या आपण. नेपल्स. बाबाचे सगळे पेपर्स आहेतच." मी म्हटलं, बघू. मग मागे रियाचा आवाज येत होता तो बंद झाला. दुसऱ्या खोलीत जाऊन तिनं दार लावलं असावं.

"आई, एक विचारू? आय वोन्ट बी मॅड. मी ट्रिप ऑक्टोबरला ढकलली ना, तेव्हा बाबाला माहीत होतं का? तुम्हांला दोघांना?"

"नाही गं," मी म्हटलं. "तेव्हा कुठे काय. जूनमध्येच तर कळलं." माझ्या आवाजात जराही कंप नव्हता. भावाच्याही नव्हता, तो दादा बाहेर गेलेत म्हणाला तेव्हा.

"ओके," ती म्हणाली. मग म्हणाली, "ओके आई. दॅट्स गुड. मला उगीच वाटत होतं." आणि तिकिटांबद्दल बोलायला लागली.

फोन ठेवला आणि मला सप्टेंबर आठवला. या टेबलावरचे नकाशे गोळा करून मुग्धानंच तिथे लॅपटॉप मांडला होता. हॉस्पिटलचे रिपोर्ट, इन्शुरन्सची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तिनं चार दिवस बसून तारखांप्रमाणे लावलं. मला म्हणाली होती, आई, तू हात लावू नकोस, मी करते. बापासारखीच आहे ती, कागद वाचल्याशिवाय फाइलला लावत नाही. आणि त्या फाइलमधला सगळ्यांत खालचा कागद फेब्रुवारीचा आहे.

म्हणजे विचारलं तेव्हा तिला माहीत होतं. पाच महिने तिला माहीत होतं. ती काही माहिती काढत नव्हती, मला सांगायची संधी देत होती. मी खोटं बोलले, आणि मला लाज वाटू नये म्हणून तिनं ते खरं मानल्यासारखं केलं. इथे जन्मलेली, इथे वाढलेली, मनात येईल ते तोंडावर बोलणारी माझी मुलगी. हे ती कुठे शिकली ते वेगळं सांगायला नको.

मे महिन्याची तिकिटं काढून झाली आहेत. आम्ही दोघी त्या बाकावर बसू, आणि मी तिथेही काही बोलेन असं माझं मलाच वाटत नाही. खरं सांगायचं म्हणून या आठवड्यात तीनदा फोन लावला, आणि दर वेळी जेवलीस का, रिया काय म्हणते, इतकंच विचारून ठेवला. म्हणून हे लिहून काढलं. मुग्धाला मराठी सगळं समजतं, बोलतेही बरं, पण वाचता येत नाही. लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत ती तीन वर्षं गेली. जोडाक्षरांपर्यंत आली होती, मग स्विमिंगची प्रॅक्टिस रविवारी असायला लागली आणि आम्ही शाळा सोडून दिली.